बाबांच्या फोनवरचा नंबर

डंकन,

बाबांना मी माझ्याकडे लीड्सला घेऊन जातेय. मांजराला खायला घातलंय.

तू त्यांच्या फोनवर चिकटवलेला गॅस कंपनीचा नंबर मी काढून टाकला आहे. गॅसच्या खात्यावरचं आईचं नाव बदलायला बाबा आठवडाभर तोच फिरवत बसले होते. फोनचं भलंमोठं बिल पाहून मी गॅस कंपनीलाच विचारलं. तिथली बाई म्हणाली, "तो आमचा नंबर नाहीच गं, राणी. हे मधले लोक. फोन आमच्याकडेच जोडून देतात आणि मिनिटामागे पैसे खातात." त्या मधल्या लोकांची कंपनी मी शोधून काढली. मालक म्हणून तुझं नाव आहे.

आईला दफन करून आलो, त्याच संध्याकाळी तू तो कागद चिकटवलास. मी तुझे आभारसुद्धा मानले होते.

आता तिथे गॅस कंपनीचाच, परदेशातून फोन करणाऱ्यांसाठीचा नंबर लावलाय. तो साधा आहे, बाबांना फुकट लागतो. आई नेहमी तोच फिरवायची आणि "स्पेनहून बोलतेय" असं बिनदिक्कत ठोकून द्यायची.

बाबांना अजून काही माहीत नाही. बिल बघून ते मला म्हणाले, "हिलरी, माझंच काहीतरी चुकलं गं. डोकं चालेनासं झालंय. डंकनला सांगू नकोस, बिचाऱ्याने इतकं नीट लिहून दिलं होतं."

रविवारी जेवायला ये. त्यांचं डोकं शाबूत आहे, हे त्यांना तूच सांग.

हिलरी