मास्तरांचं उत्तर

ताई,

हे पत्र तुझ्या हातात द्यायची माझी छाती होणार नाही.

मास्तर जाऊन तीन आठवडे झाले. काल त्यांच्या मुलीचा फोन आला, "बाबांचा ब्लॉग बंद करा." सगळ्यांचे ब्लॉग एकत्र असलेल्या आपल्या ब्लॉगकट्ट्याचा संपादक मीच ना. पण काल सकाळीच तुझ्या लेखाखाली मास्तरांनी तुला पुन्हा झापलं होतं, "लेखातली ती ओळ माझी आहे. चोरलीस तू." नोंद तपासली, तर प्रतिक्रिया तुझ्याच कॉम्प्युटरवरून आलेली. त्यांना ब्लॉग तूच उघडून दिला होतास. पासवर्ड तुला ठाऊक होता.

मी तुझ्या खोलीत आलो. तू शांतपणे म्हणालीस, "बघ ना, मास्तर ऐकतच नाहीत."

वर्षभर तुम्ही दोघंही त्या ओळीवरून माझ्याकडे निवाडा मागत होतात आणि मी "तटस्थ आहे" म्हणून अंग काढून घेत होतो. ओळ त्यांचीच होती, ताई. दोघांच्या लेखांच्या तारखा मी तेव्हाच पाहिल्या होत्या.

आज दुपारी कट्ट्यावर तसं जाहीर लिहिलं. भिंतीपलीकडून तुझ्या टायपिंगचा आवाज आला. मग मास्तरांच्या नावाने उत्तर उमटलं, "उशीर केलात. आता तिला एकटी सोडू नका."

मास्तरांचं खातं मी चालूच ठेवलंय.

तुझा,
शेजारच्या खोलीतला भाऊ