तीन पाण्यांनी धुतलेली माती

२ मार्च
ठरलं. गावदेवीच्या जत्रेला आखाड्याची माती यंदा मी करणार. कमिटीत अनंता कुरकुरला, की दरवर्षीसारखी तांबडी मागवू. त्या तांबडीत खडे असतात! मागच्या जत्रेत माझ्या लेकीचा, राजसीचा खांदा त्याच खड्यांनी सोलला. अनंताला काय कळणार? त्याचा मुलगा कॅरम खेळतो.
राजसीची कुस्ती बदलापूरच्या शलाकाशी. जिंकेल ती राज्य शिबिराला. जागा एकच. माती लोण्यासारखी पाहिजे म्हणजे पाहिजे.

४ मार्च
सापडली! वालधुनी नदीचा गाळ. एक खडा नाही. थोडा वास, थोडी जांभळट झाक. काठच्या रंगाच्या कारखान्यांची कृपा. धुतलं की जाईल.
संजीवनी म्हणाली, ही घाण घरात आणायची नाही. तिला आठवण करून दिली, की नवरा तीस वर्षं डाईंग खात्यात शिफ्ट इन्चार्ज होता. तिने माझे तेव्हाचे हिरवे बनियन काढून दाखवले. हा मुद्दा नव्हे.

७ मार्च
गच्चीत ड्रम लावून धुतली. पहिलं पाणी जांभळं, दुसरं फिकट, तिसरं म्हणजे गंगाजल. माती अजून जांभळीच आहे. तो तिचा नैसर्गिक रंग, असा माझा निष्कर्ष.
तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा उन्मेष तडमडला. कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. टिनपाट. म्हणे पाणी स्वच्छ आलं म्हणजे रंग गेला असं नाही. रंग मातीला धरून बसलाय. मातीच्या कणांवर ऋण भार, या रंगावर धन भार, साध्या पाण्याला दाद देणार नाही. मीठ किंवा आंबट पडलं की सुटेल आणि दिसेल त्याला चिकटेल. मी विचारलं, आम्ही काय लोणचं घालतोय? गच्चीतल्या बायका फिदीफिदी हसल्या. गेला शेपूट घालून.

८ मार्च, सकाळी
दार उघडलं तर उंबऱ्यापाशी काचेचा ग्लास, आत जांभळं पाणी. उन्मेष जिन्यातून ओरडला, की तुमचीच माती आहे, चमचाभर मीठ टाकलं फक्त. लोकाच्या दारात रंगीत पाणी ठेवतात? करणी करतोय मेला! पाणी मोरीत ओतलं. ग्लास परत देणार नाही.

१३ मार्च
टेम्पोने माती बारवी धरणाकडच्या आमच्या गावी आणली. रीतीप्रमाणे हळद, तेल, ताक, लिंबं घालून तुडवली. पाय जांभळे झाले. अनंताने विचारलं, की जांभळं पिळलीस काय यात? म्हटलं, हळदीने होतं तसं. हळदीने काय होतं ते त्याला माहीत नाही. मलाही नाही. पण आणखी लिंबं कापायला बसला.
मोजे घालून झोपतोय.

१६ मार्च, जत्रा, दुपार
वा! माती काय पसरली आहे! राजसी तासभर त्यात लोळली, जोर काढले, घामाने निथळली. म्हणाली, बाबा, माती मऊ आहे. हे उन्मेषला ऐकवणार. जिन्यात उभं करून ऐकवणार.
शलाकाचा पत्ता नाही. टरकली असणार.

त्याच दिवशी, रात्री
शलाका उशिरा आली आणि तशीच कोरडी ठणठणीत आखाड्यात उतरली. राजसीने ढाक डाव मारला. दोघी कडेला एकदम कोसळल्या. शलाका खाली होती. मी पाहिलं. संजीवनीने पाहिलं. पोराटोरांनी पाहिलं. पंच तेवढे पलीकडे होते.
शलाकाचा वस्ताद कैलास, एक नंबरचा लबाड, ओरडला की पाठी बघा! पंचांनी बघितल्या. शलाकाची झटकली, माती पडून गेली. राजसीच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत जांभळा पट्टा. अरे, तो आधी लोळली तेव्हाचा! झटकला, पुसला, ओल्या फडक्याने घासला, ढिम्म हलेना. पंच म्हणाले, पाठीला माती लागली, आणखी काय पुरावा पाहिजे? शलाकाचा हात वर.
मी माइक हिसकावला. सगळ्यांना सांगितलं, की ही माती नाही, हा वालधुनीतला कारखान्यांचा रंग आहे. म्हणजे लेकीची बाजू मांडली. तर लोक माझ्याच अंगावर धावून आले. एव्हाना सगळेच पैलवान जांभळे झाले होते.
घामात मीठ असतं हे उन्मेषने नीट फोडून सांगायला नको? अर्धवट बोलतात ही शिकलेली माणसं.

१९ मार्च
पंच फोन उचलत नाहीत. कमिटीने मला काढलं. मी राजीनामा देणारच होतो.
शिबिराची गाडी सकाळी गेली. शलाका गेली.
राजसीची पाठ संजीवनीने साबणाने घासली, बेसनाने घासली, शेवटी रॉकेलने. मी दाराबाहेरून सांगितलं, की कातडी बदलते, पंधरवड्यात जाईल रंग, माझा अनुभव आहे. संजीवनीने दार लावून घेतलं.
संध्याकाळी राजसी जत्रेनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, की शलाकाने तिला पाडलं नाही. मी म्हटलं, तेच तर मी सगळ्यांना सांगतोय! मग कोणी पाडलं ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही.