हैदराबादहून यायचा रिपोर्ट

७ जानेवारी, मंगळवार

पुन्हा तीच नस! जूनमध्ये प्रफुलला स्टेंट टाकला आणि परवा तोच बंद पडला. कसाबसा वाचला. माझ्या आईलाही स्टेंट आहे, हीच रक्त पातळ करायची गोळी आहे. ती या वयात ठणठणीत, आणि माझा नवरा आयसीयूत!

डॉक्टर म्हणतात, काही जणांच्या शरीरात ही गोळी कामच करत नाही. जन्मतःच तसं असतं. त्यांनी गोळी खाल्ली काय, खडू खाल्ला काय. रक्त हैदराबादला पाठवलंय, जीन्स तपासायला. "गोळी रोज घेत होते ना?" म्हटलं, रोज! कंपनीच्या दवाखान्यातून मोजून मिळते, ती मी स्वतः त्याच्या कामावरच्या डब्यात ठेवते, पोळ्यांवर, कॅलेंडरच्या कागदाची पुडी करून.

शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं या माणसाने? "तुह्या आईकडं कोनी गेलतं का?" अरे, स्वतःचं बघ! आईला तर आम्ही कळवलंसुद्धा नाही. तिच्या छातीला सोसायचं नाही.

९ जानेवारी

घरी आणलं. रिपोर्ट येईपर्यंत दुसरी गोळी. तिने धाप लागते — बसल्याजागी! रिपोर्ट वाईट आला तर हीच चालू ठेवायची. मग पोलाद प्लांटमधलं क्रेन चालवणं विसरा. केबिनची शिडी कशी चढणार? क्रेनशिवाय हा माणूस घरात कसा राहील, देव जाणे. (देव मानत नाही आम्ही. तरी तोंडात येतंच.)

१२ जानेवारी, रविवार

सासरे भडकले. "आमच्या रक्तात खोट हाय म्हनते का तो डॉक्टर? आमच्या रक्ताबद्दल लोकाईनं लय सांगतलं. आता मशीन सांगन का?" मी समजावलं — बाबा, जात बघून नसतं हे, कोणालाही असतं. मग हळूच, "माह्याकडून गेलं असन का त्याले?"

मी चहा ठेवायला उठले.

आणि प्रफुल चपला शोधत होता. मोहन नगरला जायचं म्हणे, माझ्या आईकडे! दर रविवारी जातो म्हणून आजही? मी चपला पलंगाखाली ढकलल्या. कडाक्याचं भांडण.

१५ जानेवारी

रिपोर्ट नाही.

१८ जानेवारी

मुलीने मोबाइलवर वाचलं, हे आईबापाकडून येतं. "मम्मी, मेरा भी टेस्ट होगा क्या?" उगाच ओरडले तिच्यावर. भीती माझी, बोलणी तिला.

प्रफुलचं एकच — "तुह्या आईचा फोन आलता का?"

२३ जानेवारी

रिपोर्ट आला! सगळं ठीक! जुनी गोळी याच्या शरीरात अगदी व्यवस्थित काम करते. बाबांनी आमच्या कॅम्प वस्तीतल्या ओळखीच्या सगळ्यांना फोन लावले — "रक्त एकदम क्लिअर हाय!"

मीही हसले. मग हसू गेलं. गोळी काम करते, तर नस बंद का झाली?

डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा छातीठोकपणे, रोज! प्रफुल भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत होता. माझ्याकडे एकदाही नाही.

२४ जानेवारी

सरळ विचारलं — पुड्यांचं काय करायचास?

"जाऊ दे न आता."

काय जाऊ दे? फेकायचा? मरायचं होतं? की मी एवढी नकोशी झाले? डोकं ठिकाणावर नाही. वरणाला दोनदा मीठ घातलं.

२६ जानेवारी, रविवार

बाबा झेंडावंदनाला गेले. मी मोहन नगरला.

आई खिडकीपाशी. लेकीच्या घरचं पाणीही न घेणारी माझी आई! पुढ्यात स्टीलचा डबा. आत कागदाचे कपटे — कॅलेंडरचे. माझ्या हाताच्या घड्या.

"गोया खतम झाल्या वं. सरकारी दवाखान्यात केव्हाच्या भेटून नाई राहिल्या. मी प्रफुलले नाईच म्हनलं होतं. तर म्हने, आई, हे लेकीचं नाई, कंपनीचं हाय, मले जास्तीच्या भेटते. आता किती इतवार झाले, आला नाई तो... बरा हाय ना?"