जावईबापूंचं पोक

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा नमस्कार.

“सरळ उभं राहा म्हटलं की माणूस खोटा उभा राहतो,” असं तुम्ही माझ्या गणवेशाचं माप घेताना म्हणाला होतात. मी पोट आत ओढून, श्वास रोखून उभी होते. मग तुम्ही आमच्या मांजरीला पिल्लं किती झाली ते विचारलंत, मी सांगता सांगता सैल झाले, आणि तेवढ्यात तुमची टेप फिरूनही गेली. तब्येत विचारत नाही. (“ठणठणीत” एवढंच उत्तर येणार. मामी म्हणाली, डावा पाय बधिर होतो, मशीन एकाच पायाने रेटता.)

माझं काम काय, असं तुम्ही दर भेटीत विचारता, म्हणून पुन्हा सांगते. आमच्या संगणकात एक माणूस आहे. एमआरआय स्कॅनच्या यंत्रातल्या लहरींनी अंगात कुठे किती उष्णता होते, ते आम्ही खऱ्या माणसाआधी त्याच्यावर मोजतो. वय चौतीस, वजन सत्तर किलो, ना दमा ना दाढदुखी. आम्ही त्याला जावईबापू म्हणतो, कारण तो काडीचं काम करत नाही आणि त्याला कुठे चटका बसू नये म्हणून सगळं खातं धावतं.

डॉक्टरांना तुमच्या पाठीचा स्कॅन हवा आहे, नाहीतर पाय जाईल म्हणतात. पण छातीत जुन्या पेसमेकरची तार राहिलेली. ती तापली तर हृदयापाशी तापणार, म्हणून त्यांनी आमचं मत मागवलं. मी जावईबापूंना तुमची तार बसवली. पण ते आडवे झोपवले तरी ताठ, आणि तुम्ही चाळीस वर्षं मशीनवर वाकलेले. म्हणून त्यांना पोक काढलं. पहिल्या खेपेला त्यांचं कोपर यकृतात शिरलं. (आमचे साहेब मागेच उभे. म्हणाले, “बाई, पाहुण्यांचे हाल करू नका हो!”) दुसऱ्या खेपेला हात मांडीला टेकले आणि तिथे उष्णतेचा लालभडक डाग उमटला. फाइलचं नाव ‘मामा’ होतं. मी पडदा बंद केला आणि जिन्यात जाऊन बसले. साहेब पाणी घेऊन आले. “अहो, हात मांडीला लागला की विजेला गोल फिरायला वाट मिळते. मध्ये कापडाची घडी घाला.” (हे नवीन लोकांना मीच शिकवते.) घातली. डाग गेला. कापडाने गेला, मामा!

तार किती तापेल तो आकडा मात्र अजून डळमळतो आहे. तुमचा बाक मी फोटोवरून घेतला. तुमचा पूर्ण उंचीचा फोटो एकच, माझ्या लग्नातला. त्यात तुम्ही सरळ उभे आहात. खोटे.

तुमची भाची

ता. क. रविवारी टेप घेऊन येते. सदरा काढावा लागेल. छातीचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही तो मामीसमोरही काढत नाही, हे ठाऊक आहे.

पुन्हा ता. क. तुमचं “नको” पोचलं असं धरून चालते. तरी दार उघडा. मांजर नसली तरी मी पिल्लं किती झाली ते विचारीन. तुम्ही फक्त सांगत राहा.