उलट्या पिळाचं सूत

मी, धोंडुबाई भ्रतार दादासो पुकळे, वय पासष्टच्या आसपास, धंदा घरकाम, राहणार कोयनानगर, तालुका पाटण, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगते आणि शेजारचे निवृत्त मास्तर विष्णुपंत ते लिहून घेतात. माझ्यावर कोणाचा दाब नाही. डोकं ठिकाणावर आहे. याबाबत पुतण्या बाळासो याचं मत विचारू नये.

१. माझी मिळकत म्हणजे वसाहतीच्या खालच्या अंगाचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. यजमान धरणाच्या कामावर होते. निवृत्तीनंतर त्यांनी ते बांधून माझ्या नावावर केलं. मूलबाळ नाही. ते वारले तेव्हापासून मी एकटीच. इथे जमीन हलते. हादरा बसला की माणसं एकमेकांना हाका मारत अंगणात पळतात. माझं नाव घेऊन हाक मारणारं कुणी नाही. शेजारीण भामाबाई आधी शेळीला हाक मारते, मग मला.

विष्णुपंत म्हणाले, "असं मृत्युपत्रात लिहीत नाहीत." मी म्हटलं, "आवं, मेल्यावर सांगाय येणार हाय का मी? लिवा."

२. हे घर माझी सख्खी धाकटी बहीण रंगूबाई, राहणार आटपाडीकडे, हिला द्यावं. बाळासो म्हणेल, जिचं वर्षानुवर्षं तोंड पाहिलं नाही तिला घर कशाला? त्याचं उत्तर इथेच देऊन ठेवते.

आमचं माहेर त्याच भागातलं, मेंढरांचं. लोकर कातायचं काम पोरींचं. रंगू डावखुरी. तिची टकळी उलटी फिरायची आणि सुताला पीळ उलटा पडायचा. माझ्या सुताबरोबर तिचं सूत वळायला घेतलं की पीळ सुटायचा, मग आई तिच्या डाव्या हातावर काडी ओढायची. "अवदसे, उजव्या हातानं कात!" तिचं सूत वाया जाऊ नये म्हणून मी गोफ विणायला काढले. काळं सूत माझं, पांढरं तिचं. गोफात पीळ कुठलाही चालतो. ते गोफ मनगटाला बांधून आम्ही रानभर मिरवायचो.

पुढे आई गेली, आणि रंगूने मला कळवलं नाही. परक्याच्या तोंडून समजलं, तेव्हा दिवसकार्यही उरकलं होतं. "आटपाडीचं पाणी पिणार न्हाई" असं मी बोलले आणि पाळलं. तो राग अजून आहे. घर दिलं म्हणजे राग सोडला असं कुणी समजू नये.

३. विष्णुपंतांची सून अश्लेषा हिचं माहेर आटपाडी. गेल्या उन्हाळ्यात ती तिथल्या बाजारातून मनगटाला लोकरीचा गोफ बांधून आली. "आजी, बघा, नुसता शोभेचा आहे," म्हणाली. मी बोटांत धरून चोळला. पांढरं सूत उलट्या पिळाचं! मी तिचं मनगट धरूनच ठेवलं.

"कुणाकडनं घेतलास गं?"

"एक म्हातारी होती. डाव्या हाताने देते म्हणून गिऱ्हाईक कुरकुरलं, तर त्यालाच झापत होती."

रंगूच. दुसरं कोण असणार?

मग काळं सूत चोळलं. ते सुलट पिळाचं होतं, पण गाठाळ, कुठे जाड, कुठे बारीक, नव्या पोरीने कातल्यासारखं. रंगूने ते उजव्या हाताने कातलं होतं. मार खाऊनही जो हात तिने कातायला लावला नाही, त्या हाताने माझ्या वाटणीचं सूत ती कातत होती. मी ओक्साबोक्शी रडले. हेही लिहावं.

४. लांबचा प्रवास कऱ्हाडच्या डॉक्टरांनी मला बंद केला आहे. बाळासोला म्हटलं, "एवडं गाडी करून ने." तर म्हणाला, "काकी, या वयात काय याड लागलंय?" दिवाळीत अश्लेषा बाजारात शोधून आली. म्हातारी दिसली नाही. आजारी आहे की गेली, कुणाला सांगता येईना. म्हणून हा कागद करते.

माझ्यामागे बाळासोने स्वतः आटपाडीला जावं, रंगूला शोधावं आणि किल्ली तिच्या डाव्या हातात द्यावी. हे केलं तर यजमानांचं एचएमटी घड्याळ, ज्यावर त्याचा डोळा आहे, ते त्याचं. नाहीतर तेही रंगूचं. ती हयात नसेल तर घर वसाहतीतल्या महिला मंडळाला द्यावं.

५. कोंबड्या आणि तांब्याचं घंगाळ भामाबाईला. विष्णुपंतांनी नेलेली छत्री त्यांच्याकडेच राहू द्यावी. ते हे लिहिताना खाली बघत आहेत.

६. अश्लेषाने तो गोफ मला देऊन टाकला. तो माझ्या मनगटावर आहे. मयताच्या अंगावरचं सगळं काढतात, तो काढू नये.

किल्लीसाठी नवा गोफ करायला घेतला होता. काळं सूत कातून झालं. पांढरं डाव्या हाताने कातायला बसले, पण जमेना. काळ्या सुताचा गुंडा आणि पांढरी लोकर कोनाड्यात एकाच फडक्यात बांधून ठेवली आहे. रंगूने तिची तिने कातावी.

वाचून दाखवलं, बरोबर आहे. विष्णुपंतांनी शाई पुढे केली, तेव्हा मी उजवा अंगठा धरला. ते म्हणाले, "तो नव्हे धोंडुबाई, डावा. सरकारात डावाच लागतो."

आई, ऐकलंस का? रंगे, डावाच लागतो गं.

ठिकाण : कोयनानगर
दिनांक : १४ डिसेंबर १९९६

साक्षीदार :
१. बिराप्पा कोळेकर, यजमानांचे धरणावरचे जोडीदार (सही)
२. सौ. अश्लेषा, विष्णुपंतांची सून (सही)

लिहून ठेवणार :
धोंडुबाई दादासो पुकळे
(अंगठा, डाव्या हाताचा)