सूर्य थेट ब्रोमोच्या तोंडातून

३ ऑगस्ट, रविवार
माझ्या बायकोच्या, सुलास्मीच्या, भिशीतल्या बायका पुढच्या रविवारी ब्रोमोवर सूर्योदय बघायला जाणार. शेजारच्या गुनार्तोच्या जीपने. सुलास्मी म्हणाली, तुम्हीही चला, एक जागा आहे. स्वच्छ नकार दिला. धुमसत्या डोंगराकडे जीपने जाणं म्हणजे कुणाच्या घरात चपला घालून शिरणं. मी आदल्या दिवशी पाठीवर बॅग टाकून चालत जाणार. पहाटे वर उभा राहून बायकांचं स्वागत करणार.
गुनार्तो म्हणाला, मारवोतोभाऊ, स्टेशनचा जिना चढताना तुम्ही दोनदा बसता. बसणारच. तिकीटखिडकीवर नोकरी आहे, बसणं माझं कामच आहे.

४ ऑगस्ट
मुख्य कारण लिहून ठेवतो. लग्नाआधी सुलास्मीला चहाच्या टपरीवर सांगितलं होतं, की मी एकटा चालत वर गेलो आणि सूर्य थेट ब्रोमोच्या तोंडातून वर येताना बघितला. फुटलेल्या अंड्यातून बलक यावा तसा. ते ऐकूनच तिने होकार दिला. तुलाही दाखवीन, असंही म्हणालो होतो. तेवीस वर्षं झाली. रेल्वेत रजा मिळणं सोपं नाही. आता बिचारी पहिल्यांदा सूर्य बघणार, आणि मी घरी? शक्य नाही.
तसा त्या वेळी मी वरच्या गावापर्यंतच गेलो होतो. धुकं होतं, परत फिरलो. पण ज्वालामुखीवरचा सूर्य ज्वालामुखीतून नाही तर कुठून येणार? नीट विचार केला की बघितल्यासारखंच असतं.

६ ऑगस्ट
सराव. बॅग घेऊन स्टेशनच्या जिन्यावर. सुरुवात उत्तम. मग गाडी आली. प्रवाशांच्या वाटेत उभं राहणं नियमात बसत नाही. उरलेला सराव मनात केला.

७ ऑगस्ट
सराव नाही. जिन्यावर अंगात वारा शिरला. हा आजार डॉक्टरांना कळत नाही, बायकांना कळतो. सुलास्मीने पाठीला तेल लावून नाण्याने खरडलं. लाल पट्टे उठले, म्हणजे वारा होताच. म्हणाली, जिन्यावर ही गत, डोंगरावर काय होईल? मुकाट्याने जीपमध्ये बसा. उत्तर दिलं असतं, पण तोंड उशीत होतं.

८ ऑगस्ट
बॅग भरली. खरा भटक्या मोजकंच सामान नेतो. तेलाची बाटली, स्वेटर, कानटोपी, तांदूळ, आणि आमचा छोटा विजेचा भातकुकर. गुनार्तो कुंपणावरून म्हणाला, फ्रिज राहिला वाटतं. हसू दे. भात पोटात गेल्याशिवाय ज्याला जेवल्यासारखं वाटतं, तो जावाचा माणूसच नव्हे.

९ ऑगस्ट, दुपार
निघालो. पायी. चौकात व्हॅनवाला ओळखीचा निघाला. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं बरं दिसत नाही. शिवाय खरी चढण वरच्या गावापासूनच सुरू होते. त्याआधी नुसता रस्ता आहे.

संध्याकाळ
वरचं गाव. थंडी एवढी, की कान जागेवर आहेत का ते चाचपून बघावं लागतं. भूक. डोंगरावर प्लग नसतो, हे आधी कुणी बोललं नाही. एका घराचं दार वाजवलं. पाइन्तेन नावाच्या आजी. म्हणाल्या, ये रे बाबा, दारात काय उभा राहतोस. वरच्या लोकांची रीतच तशी. पाहुणा बैठकीत नाही, थेट स्वयंपाकघरात चुलीपाशी. आणि जेवल्याशिवाय सुटका नाही. मी म्हटलं, फक्त प्लग हवाय. त्या म्हणाल्या, प्लग कुठे पळून जात नाही, आधी खा.
मक्याचा भात, कोबी, बटाटे, झणझणीत मिरची. नको नको म्हणताना तीनदा वाढलं. पण मक्याचा भात हा काही भात नव्हे. म्हणून मग कुकर लावला. आजी म्हणाल्या, आता हा कुठे ठेवणार, टोपीत? पोटातच गेला.
चुलीशेजारच्या बाकावर टेकलो आहे. पहाटे कड्यावर. उठवा असं आजींना सांगितलेलं नाही. रेल्वेच्या माणसाला कुणी उठवावं लागत नाही.

१० ऑगस्ट, चांगलं ऊन आल्यावर
डोळे उघडले तर समोर भिशी. अख्खी भिशी. सूर्योदय बघून गारठलेल्या बायकांना गुनार्तोने शेकायला आणलं, ते नेमकं याच चुलीपाशी. मी कुकर कवटाळून झोपलो होतो असं त्यांचं म्हणणं आहे. कुकर उबदार होता, एवढंच.
गुनार्तो म्हणाला, काय हो, स्वागताला दिसला नाहीत? म्हटलं, तुमच्या आधीच बघून उतरलो. आजी म्हणाल्या, हो तर, घोरत घोरत उतरला. बायका पोट धरधरून हसल्या. मग गुनार्तो सुलास्मीकडे वळला. वहिनी, लग्नाआधी यांनी तुम्हाला सूर्याचं वर्णन करून सांगितलं होतं ना? तसाच होता का?
मी घाबरलो. दुसरा शब्द नाही. सुलास्मी हात शेकत होती. म्हणाली, अगदी तसाच, केसाचाही फरक नाही.
परत जीपने आलो. कुकर मांडीवर.

११ ऑगस्ट
अंगात वारा. पालथा पडलो. सुलास्मी नाणं घेऊन बसली. खरडता खरडता म्हणाली, अहो, सूर्य डाव्या हाताला उगवतो. ब्रोमो एका बाजूला, सूर्य दुसरीकडे. ब्रोमोच्या तोंडातून नुसता धूर येतो.
मी म्हटलं, धुमसता डोंगर आहे, तेवीस वर्षांत सरकला असेल.
ती म्हणाली, मामा मला लहानपणी घेऊन गेले होते. तेव्हाही सूर्य डावीकडेच होता.
नाणं चालूच होतं. मी उशीतून विचारलं, मग तेव्हाच बोलली का नाहीस? होकार कशाला दिलास? ती म्हणाली, मी बघितला होता त्याच्यापेक्षा तुमचा छान होता.
म्हणजे लग्न माझ्या सूर्योदयामुळेच जमलं. मी चार तारखेला लिहिलं होतं ते बरोबरच होतं.