चोवीस कुंड्या आणि दोन ड्रम

२ मार्च
मावशीच्या नर्सरीत येऊन अकरा दिवस. हे माझं सातवं काम. आधीची सहा मी सोडली, म्हणजे चार मी सोडली. इथे चार हजार कुंड्या. प्रत्येकीत शोभेचं झाड एक, तण शंभर. सकाळी साडेसहापासून खुरपं घेऊन उकिडवं बसायचं. पाठीचा पार बाजा वाजला.
आजपासून नियमित रोजनिशी लिहिणार.

४ मार्च
काल राहिली. पाठ.
आज डोक्यात वीज चमकली. तणनाशक! मावशी म्हणाली, तण मरेल रे बाबा, पण झाड मेलं तर? मी म्हणालो, ट्रायल घेऊ. कुठलं झाड औषध सोसतं, कुठलं नाही, सगळं वहीत. माळीकाकांनी (चाळीस वर्षं इथेच) हातातली झारी खाली ठेवून माझ्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा उचलली. ते प्रभावित झाले असावेत.
ठरलं. २० एप्रिलपर्यंत मुदत. ट्रायल जमली तर मी ट्रायल इन्चार्ज, खुरप्याला आयुष्यात हात लावायचा नाही. नाही जमली तर खुरपं, नाहीतर घरी जाणारी बस. मावशीने आईला फोनवर सांगूनही टाकलंय.

५ मार्च
चोवीस कुंड्या मांडल्या. लॅव्हेंडर, जरबेरा, बॉक्सवुड, आठ-आठ. बारांना औषध, बारांना काही नाही. दर रविवारी डोस. दर वेळी औषध कालवत बसायला वेळ कोणाला आहे? सहा आठवड्यांचं एकदमच कालवलं, एका निळ्या ड्रममध्ये. शेजारच्या निळ्या ड्रममध्ये साधं पाणी. पाणी चार दिवस ठेवून घातलं की झाडाला मानवतं, असं कुठेतरी ऐकलं होतं. गेटजवळ चाळीस कुंड्यांत मावशीच्या हायड्रेंजिया आहेत, झुबकेदार फुलांची झुडपं. दोन वर्षं वाढवल्यात, हॉटेलच्या बागेसाठी, २१ एप्रिलला जायच्यात. त्यांना दर रविवारी एकेक झारी द्यायची. कोणी सांगितलेलं नाही. माझ्याकडून.
घोटाळा नको म्हणून दोन्ही झाकणांवर ठळक लिहिलं: ‘औषध’, ‘पाणी’.

६ मार्च
कुंड्या नेणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर आला होता. माणूस दिलखुलास. झाकणांनी थाळीफेक खेळलो. माझी थाळी ग्रीनहाऊसच्या पलीकडे गेली. लांब पल्ल्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून जावं का, यावर गंभीर विचार.
संध्याकाळी आठवणीने दोन्ही झाकणं जागेवर लावली.

८ मार्च, रविवार
पहिला डोस. औषधाला वास नाही, रंग नाही. विज्ञान कुठल्या कुठे गेलंय.
ठेवलेलं पाणी मात्र किंचित पिवळसर झालंय. मुरलं असणार. हायड्रेंजियांना घातलं.

१५ मार्च, रविवार
गुण द्यायचे, शून्य ते दहा. पण कुंडीत तणच एवढं की झाडाची पानं दिसेनात. नीट निरीक्षण व्हावं म्हणून औषधाच्या बारा कुंड्यांतलं तण मुळासकट उपटून घेतलं. मग गुण दिले. सगळ्यांना १०. तण: शून्य.
औषध न घातलेल्या बारांत नुसतं रान माजलंय. फरक डोळ्यांत भरतो.

१९ मार्च
ड्रायव्हरकडून गिअरबॉक्स शिकलो. अर्धा.

२२ मार्च, रविवार
डोस. निरीक्षणासाठी साफसफाई. १०, १०, १०.
माळीकाका म्हणाले, हायड्रेंजियांची पानं पिवळी पडायला लागलीयत. मी म्हणालो, काका, लोह कमी पडतंय. ते म्हणाले, कोणाच्या अंगात? वयामुळे माणूस तिरकस होतो. हायड्रेंजियांना मुरलेलं पाणी दुप्पट केलं.

२९ मार्च, रविवार
मावशीला बारा कुंड्या दाखवल्या. एक काडी तण नाही. तिने चष्मा लावून पाहिलं, पाठीवर थाप मारली. म्हणाली, आईला तुझ्या फोन करते.
मग ती गेटकडे गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. हायड्रेंजियांची नवीन पानं वाकडी येतायत. तिने खत बदललं. मी धीर दिला.

५ एप्रिल, रविवार
माळीकाका विचारत होते, तू हायड्रेंजियांना काही घालतोस का? मी म्हणालो, पाणी. ते म्हणाले, कुठलं? मी म्हणालो, ओलं. दिवसभर झारीतल्या शुक्राचार्यासारखे माझ्या वाटेत.
डोस दिला. मुरलेलं पाणीही.

१२ एप्रिल, रविवार
मावशी जेवली नाही. हायड्रेंजियांची पानं गळतायत. तिला म्हणालो, यांचीही ट्रायल घ्यायला हवी होती.
इन्चार्ज झाल्यावर पाटी कुठे लावायची? शेडच्या दाराला की आत?

२० एप्रिल, सकाळ
निकालाचा दिवस. मावशीने चार हजार कुंड्यांसाठी औषध मागवायच्या आधी वही मागितली. ट्रायलची आणि रोजची वही एकच आहे हे देताना लक्षात आलं नाही. ती पायरीवर बसून वाचत होती. आधी मान हलवत होती. मग हलवेना. माळीकाकांना हाक मारली. काकांनी ‘पाणी’ लिहिलेलं झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण परत लावलं.
मावशीने विचारलं, थाळीफेक? मी म्हणालो, ग्रीनहाऊसच्या पलीकडे गेली होती.
हसलं नाही कोणी.

२० एप्रिल, दुपार
मावशीने हॉटेलला फोन केला. बोलली कमी, ऐकलं जास्त. मग मला हायड्रेंजियांसमोर बसवून वही दिली. म्हणाली, राजा, खरी ट्रायल तू इथे घेतलीस. दे आता गुण.
पहिली: ०. दुसरी: ०. तिसरी: १. पुढे तसंच. मार्चात ही झाडं माझ्या कमरेला लागायची. मावशी एकेका कुंडीशी वाकून देठ नखाने खरवडून बघत होती, आत हिरवं आहे का.
चाळीसाव्या कुंडीत एक पान धड होतं. मी ७ लिहिले. मावशीने पेन घेतलं, ७ खोडून १ केला.

२० एप्रिल, संध्याकाळ
वही तिने ठेवून घेतली. हे खताच्या रिकाम्या गोणीवर लिहितोय.
सामान भरलं होतं. बस साडेसातची. मावशी दारात आली. म्हणाली, बारा कुंड्यांत सहा आठवडे एक काडी तण नाही, तेही साध्या पाण्यावर. एवढं स्वच्छ तण उपटणारं माणूस माझ्याकडे चाळीस वर्षांत झालं नाही. मागून माळीकाका म्हणाले, मी आहे की. ती म्हणाली, तुम्ही मुळं ठेवता.
तीन हजार नऊशे साठ कुंड्या. उद्या साडेसहा.
नवीन खुरपं दिलंय. धार बरी आहे.